एका कानाची बाळी

सानवेई बेटावर मिएनच्या दुकानात मुलासाठी एका कानाची बाळी करून घ्यायला कुणी आलं, की ती हातातली कानस खाली न ठेवता एकच विचारायची, "घरात मुलगी आहे का?" नाही म्हटलं तर शेगडी पेटवायची. आहे म्हटलं तर मान हलवून परत आपल्या कामाला लागायची. मग समोरच्याने गयावया करू दे नाहीतर मात्सूदेवीची शपथ घालू दे, बाई म्हणजे काळा फत्तर. देवळामागे म्हातारा त्साई बसतो, तो कुणालाही करून देतो, त्याच्याकडे जा, एवढंच सांगायची.

आता ही अट म्हणजे उलटी गंगाच होती. मुलगा नाजूक असला, सारखा आजारी पडत असला, की त्याचा डावा कान टोचायचा आणि त्यात मुलीचा दागिना घालायचा, ही तिकडची जुनी रीत. लहान जीव उचलून न्यायला जे येतात, त्यांना 'नेणारे' म्हणतात. नेणारे दारात आले की बाळी बघतात, ही तर पोरगी, असं म्हणतात आणि पुढच्या दाराला जातात. पोरगी न्यायला कोण येतंय? नेणाऱ्यांनाही पोरी नकोच असतात, असं बेटावरच्या बायका हसत हसत सांगायच्या. हसून सांगितल्यामुळे गोष्टीचा वाईटपणा कमी होत नाही, पण तिथे ती कुणाला वाईट वाटतच नव्हती. आणि बाळीला चांदी लागते ती घरातल्याच मुलीच्या कानातली. तिचा एक डूल काढायचा, वितळवायचा, त्याची बाळी करायची. खऱ्या मुलीच्या अंगावरची चांदी असली म्हणजे फसवणूक पक्की होते, असा समज. तेव्हा ज्या घरात मुलगी आहे तिथेच बाळी होणार, आणि ही बाई नेमकी तिथेच नाही म्हणणार. मुलगी नसलेल्या घराला ती दुकानातल्या नव्या चांदीची बाळी करून द्यायची. नव्या चांदीची बाळी म्हणजे बिनमिठाची कालवं, असं लोक म्हणायचे. तरी येत मात्र तिच्याकडेच. कारण मिएनच्या हाताची बाळी मरण परतवते, अशी तिची ख्याती होती. ही ख्याती कशी झाली, ते ऐकण्यासारखं नाही. पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मिएन मूळची पलीकडच्या किनाऱ्यावरची, सोनाराची लेक. बापाला मुलगा झाला नाही, म्हणून त्याने हातोडी मुलीच्या हातात दिली, तीही नाक मुरडत. जंत्रीच्या बारीक भोकांतून तार ओढताना तिच्या बोटांची सालपटं निघायची, तेव्हा बाप म्हणायचा, मुलगा असतास तर रडला नसतास. रडता रडता ती बापाच्या वर गेली. तिचं काम बघावं. मूग मावेल एवढ्या जागेत पंख पसरलेलं वटवाघूळ. डाळिंब फुटून आतले दाणे दिसणारं नव्या नवरीचं कर्णफूल. वर्षाच्या शेवटी घरात काहीतरी उरावं म्हणून मासोळी, रोगराई पोटात घ्यायला छोटा तुंबा, आजी झालेल्या बाईसाठी पीचचं फळ, पानासकट. हल्ली शहरात हेच सगळं यंत्रावर छापून लाल डब्यांतून विकतात आणि सहलीला आलेल्या पोरी दोन-दोन जोड घेऊन जातात. त्या मासोळीला खवले नसतात. मिएनच्या मासोळीला खवले असायचे, आणि ते एकेक करून कोरलेले.

चेन शुइमूशी लग्न होऊन ती बेटावर आली. शुइमू शिंपल्या-कालवांचा धंदा करायचा, माणूस मऊ, आईच्या शब्दाबाहेर नाही. पहिली मुलगी झाली. सासूने तिचं नाव चाओदी ठेवलं, म्हणजे भावाला बोलावणारी. आपल्याकडे नकुशी ठेवतात त्यातलाच प्रकार, थोडा गोड करून. पोरगी नावाला जागली. चार वर्षांनी योंगआन झाला. पण तो असा, की श्वास घेतला तर घेतला. पावसाची एक झड आली की याची छाती वाजायला लागायची. सासूने सूनबाईला बसवून सांगितलं की घरातच सोनारीण आहे, मग बाळीला उशीर कशाचा? मिएनने चाओदीच्या कानातल्या तुंब्यांच्या जोडातला एक काढला, मुशीत टाकला आणि त्याची बाळी केली, छोटं कुलूप लटकवलेली. जीव कुलपात राहावा म्हणून कुलूप. चाओदीला त्यात गैर काही वाटलं नाही. भावाला पाठीशी बांधून गावभर हिंडायचा तिला भारी अभिमान. कानाचं भोक बुजू नये म्हणून तिने त्यात चहाची काडी घालून ठेवली आणि एका कानात तुंबा, एका कानात काडी, अशी ती मिरवायला लागली.

त्याच वर्षी वसंतात बेटावर गोवर आला. दोन्ही मुलांना तापाने धरलं. योंगआन बरा झाला, चाओदी गेली.

एवढंच घडलं. बाकीचं सासूने घडवलं. लेकीच्या मागे मिएन अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून पडली होती, तेव्हा सासू रताळ्याची पेज घेऊन तिच्याजवळ बसली आणि म्हणाली की रडू नकोस, तू काही वाईट केलं नाहीस. नेणारे मुलालाच न्यायला आले होते. आपण बाळी घालून त्यांना सांगितलं की घरात दोन मुली आहेत. रिकाम्या हाताने कसे जातील? त्यांनी दोघींतली एक नेली. पोराचं तिच्यावर गेलं. तुझ्या बाळीने वंश राखला. म्हातारीने हे प्रेमाने सांगितलं, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही त्याचा आधार झाला. पण हे शब्द मिएनच्या काळजात रुतले ते रुतलेच. वंश राखला हे इतरांनी ऐकलं. मिएनने ऐकलं ते एवढंच, की मी माझ्या हाताने नेणाऱ्यांना घरात दोन मुली असल्याचं सांगितलं, आणि त्यांतली खरी कोणती ते त्यांनी बरोबर ओळखलं.

मग झालं ते असं, की गोष्ट विहिरीवरून देवळात आणि देवळातून बोटीवर गेली. मिएनची बाळी कधी फसत नाही. लोक लांबून यायला लागले. लेक गेल्याने दुकान चाललं, हे ती जाणून होती. म्हणूनच तो प्रश्न, घरात मुलगी आहे का. पोरींची तेवढी राखण तिने आपल्याकडे घेतली होती. लोकांना वाटे, बाईचा तऱ्हेवाईकपणा.

योंगआन या गोष्टीवरच वाढला. भात उरवला तर आजी म्हणायची, खा, तुझ्यासाठी एक जीव गेलाय. शाळेत मारामारी केली तर तेच. ओरडणं नाही, मार नाही, फक्त तेवढं वाक्य. असं वाक्य ऐकत मोठा झालेला मुलगा मोठा झाल्यावर कसा होतो? योंगआनसारखा होतो. दारू नाही, पत्ते नाहीत, खोल समुद्रात जाणं नाही. कालवांच्या खांबांमध्ये गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि घरी यायचं. स्वतःच्या वाढदिवसाला शेवयांचा एक वाडगा तो न खाता बाजूला ठेवायचा. कुणासाठी ते बोलायचा नाही आणि कुणी विचारायचं नाही. लग्न ठरलं तेव्हा रीतीप्रमाणे बाळी काढली, पण भोक काही बुजलं नाही. अंगठ्याने ते चाचपायची त्याला सवय होती.

बायको मात्र त्याने बेटाबाहेरची केली. दोंगमेई डोंगराकडची, शहरातल्या चपलांच्या कारखान्यातली, तिथे कालवं पोचवताना त्याला भेटलेली. तिखट खाणारी आणि तिखट बोलणारी. नेणारे, बाळ्या, वंश हे सगळं तिला थट्टेचं वाटे, आणि ती तोंडावर थट्टा करायची. तिला आधी निंगनिंग झाली. एकाच मुलाच्या सरकारी नियमात पहिली मुलगी असली तर दुसऱ्याची मुभा होती, पण दुसरा बरेच दिवस आलाच नाही, आणि आला तो हाओ, हुबेहूब बापाचं बालपण. छाती वाजणारा, ओठ निळे पडणारा. मिएनने नातवाला पहिल्यांदा खोकताना ऐकलं तेव्हा तिच्या हातातली फुंकणी गळून पडली. आता काय मागितलं जाणार, हे तिला त्याच वेळी कळलं होतं.

हाओ चार वर्षांचा झाला, त्या हिवाळ्यात तो शहरातल्या इस्पितळात दोनदा राहून आला. दुसऱ्यांदा घरी आणला, त्याच दुपारी योंगआन आईच्या दुकानात येऊन स्टुलावर बसला. अंगाला कालवांचा वास, पायातले रबरी बूट तसेच. मिएन कुणा नवरीचं डाळिंब घासत होती. मग त्याने मूठ उघडली आणि ऐरणीवर चांदीची एक मासोळी ठेवली. निंगनिंगच्या कानातली. मिएननेच तिच्या वाढदिवसाला केलेली.

"बाळी कर, आई. हाओसाठी."

"ज्या घरात मुलगी आहे तिथे मी करत नाही. तुला माहीत आहे."

"बाहेरच्यांचं सोड. हा तुझा नातू आहे."

"आणि ही कोण आहे?" मिएनने मासोळीवर बोट ठेवलं.

योंगआनने नजर चुकवली. म्हणाला, "मी जगलो ना, आई?"

तिच्या लक्षात आलं की पोराने सगळा विचार केलेला आहे. निंगनिंगवर त्याचा जीव नव्हता असं नाही. शाळेतून यायला तिला उशीर झाला तर तो धक्क्यापर्यंत बघून यायचा. पण दोनांतला एकच राहणार असेल तर कोणता राहायचा, हे त्या घरात त्याच्या जन्माआधीच ठरून गेलं होतं, आणि त्याने ते दुधासारखं पिऊन घेतलं होतं. तो वाईट बाप नव्हता. त्याला फक्त दुसरा हिशेब कुणी शिकवलाच नव्हता.

दारात निंगनिंग उभी होती. एका कानात मासोळी, दुसरा कान रिकामा. तोंडावर नुसतं कौतुक. तिने आजीला विचारलं, "अमा, माझ्या मासोळीचं हाओसाठी कुलूप होणार? मग माझ्या भोकात मी काय घालू? बाबा म्हणाले, चहाची काडी घाल."

मिएन उठली. गुडघे दुखायचे म्हणून एरवी ती उठताना दोनदा ऐरणीचा आधार घ्यायची, पण तेव्हा तशीच उठली. मासोळी उचलून तिने नातीच्या कानात परत घातली, फिरकी इतकी घट्ट आवळली की पोरगी कळवळली. मग तिने स्वतःच्या कानातलं पीच काढलं, आजी झाल्याचं, आणि सरळ मुशीत टाकलं.

"मी पण बाईच आहे," ती योंगआनला म्हणाली. "कानातली चांदी पाहिजे ना, मग ही घे. उद्या नेणारे मोजायला येतील तेव्हा मलाही मोजतील. मी दारातच बसते."

चांदी वितळताना दोघेही मुशीकडे बघत होते.

बाळी झाली. हाओचा कान टोचला, तेव्हा दोंगमेई वाफाळता भात ढवळत चुलीपाशी उभी होती. तिला हे मुळीच पसंत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली की घाला काय घालायचं ते, औषध मात्र मी वेळेवर देणार, आणि कान पिकला तर बघून घेईन. आणि वर, "चांदीने ताप उतरत असता तर सोनाराघरची पोरं कधी मेलीच नसती." बोलून गेल्यावर तिला चाओदीची आठवण झाली असावी, कारण तिने जीभ चावली आणि सासूच्या ताटात कालवांची पोळी दोन तुकडे जास्त वाढली. मिएनने ते तुकडे खाल्ले. रागही आला नाही तिला.

त्यानंतर मिएन खरोखरच दारात बसायला लागली. काम बाहेर ओट्यावर आणलं. लोक विचारायचे, एका कानात पीच आणि एक कान भुंडा, हे काय नवीन? ती म्हणायची, म्हातारपणी थोडं नटावं म्हटलं. मनातून ती वाट बघत होती. सकाळी उठल्यावर आपण जिवंत आहोत हे बघून तिला भीती वाटायची. मी नाही तर मग कोण? आणि ती निंगनिंगच्या कपाळाला हात लावायला जायची. पोरगी वैतागायची. तिला तर बिचारीला शाळेची घाई.

वसंतात एका सकाळी त्या कपाळाचा हाताला चटका बसला.

शाळेत तापाची साथ होतीच. हाओही रात्रीपासून फणफणला होता, छाती भात्यासारखी चालली होती. योंगआनने त्याला रजईत गुंडाळलं, दोंगमेईने स्कूटर बाहेर काढली. सगळ्या घराची धावपळ त्या एका पोराभोवती. निंगनिंग पलंगावर पडून होती, उजेड नको म्हणून तोंडावर उशी घेऊन. रडणं नाही, मागणं नाही. मिएन तिच्या उशाशी बसली होती. आले, ती मनात म्हणत होती, आले, आणि मला ओलांडून आत गेले.

"तिलाही उठवा," दोंगमेई दारातून म्हणाली. "दोघांना नेते."

"तिला राहू दे," योंगआन म्हणाला. "तिला साधा ताप आहे. हाओला आधी पोचव. आई आहे घरी."

"दोघांना नेते म्हटलं ना. गाडीवर जागा आहे की."

इतकं साधं बोलणं. भाजी आणायला निघालेली बाईसुद्धा असंच बोलते. दोंगमेईने हाओला पुढे उभं केलं, निंगनिंगला मागे बसवून शालीने आपल्या कमरेला बांधलं. पोरीची मान तिच्या पाठीवर लोळत होती. योंगआन मागून धावत गेला, पण फेरीबोट सुटायच्या बेतात होती. स्कूटर बोटीत चढली आणि धक्क्यावरची फळी वर गेली. त्याला दुपारच्या फेरीवाचून गत्यंतर नव्हतं. तो परत आला, मुलांचे कपडे पिशवीत भरले आणि पिशवी मांडीवर घेऊन आईसमोर बसला.

मिएन मनाने चाओदीच्या आजारातल्या त्या सकाळी जाऊन बसली होती.

तेव्हाही धावपळ होती. शुइमूने चुलत्याची बोट मागून आणली होती. योंगआनला रजईत गुंडाळलं होतं. बोटीत शुइमू, वल्हवणारा, आणि पोराला पाजायला लागेल म्हणून मिएन. चाओदी धक्क्यापर्यंत चालत आली होती. तिच्या अंगावर पुरळ उठला होता, डोळे लाल, ओठ सुकलेले. मी येऊ का, एवढं तिने विचारलं होतं. सासू म्हणाली, हिला साधा ताप आहे, मुली चिवट असतात, मी आहे घरी. शुइमू आईच्या शब्दाबाहेर नव्हता. आणि मिएन पोराच्या श्वासाकडे बघत होती. बोटीत मागच्या बाजूला टोपल्या ठेवायची फळी रिकामी होती. तिच्यावर ओली दोरी पडली होती. ती दोरी मिएनला आज दिसत होती, गाठीसकट. इतकी वर्षं तिने नेणाऱ्यांचा विचार केला. बाळीचा केला. चांदी कुणाच्या कानातली, याचा केला. त्या फळीचा विचार तिने एकदाही केला नाही. करावा लागू नये म्हणून तर तो सगळा बाकीचा विचार होता.

दुपारी दोंगमेईचा फोन आला. योंगआनने ऐकलं आणि आईला सांगितलं. हाओचं नेहमीचं होतं, वाफ दिल्यावर छाती मोकळी झाली. निंगनिंगचा ताप डोक्यात चढायला लागला होता. पाठीत सुई घालून पाणी तपासलं, औषध सुरू केलं. डॉक्टरांनी सांगितलं की वेळेत आणली म्हणून, नाहीतर संध्याकाळपर्यंत काही हाती राहिलं नसतं.

सांगून झाल्यावर तो म्हणाला, "बाळीनेच वाचली ती. तुझ्या चांदीने."

म्हणजे आता परत नवी गोष्ट होणार. विहिरीवर जाणार, देवळात जाणार. मिएनने ती तिथेच थांबवली.

"चांदीने काही झालं नाही. स्कूटरने झालं."

"आई, काय बोलतेस?"

"तुझ्या ताईला आम्ही नेलीच नाही दवाखान्यात. ती धक्क्यावर उभी होती, अंगावर गोवर घेऊन. येऊ का म्हणाली. बोटीत जागा होती, योंगआन. मागची फळी रिकामी होती. आम्ही तिला बसवली नाही, बस. नेणारेबिणारे कुणी आले नव्हते. तुझं तिच्यावर गेलं नाही. आम्ही तिला ठेवून गेलो."

योंगआन ऐकत होता. त्याचा अंगठा कानाच्या भोकावर गेला आणि तिथून खाली आला. मिएनला वाटलं होतं की हे सांगितल्यावर पोराच्या छातीवरचं ओझं उतरेल. तेवढ्यासाठीच तिने तोंड उघडलं होतं. पण चाळीस वर्षांच्या माणसाच्या छातीवरून असा धोंडा उचलला की त्याखाली काय दिसतं, याचा तिला अंदाज नव्हता. तो रडला नाही. त्याचा चेहरा हळूहळू एखाद्या परक्या माणसासारखा झाला.

"मी प्रत्येक घास तिला विचारून खाल्लाय," तो म्हणाला. "आज सकाळी मी निंगनिंगला घरी ठेवून देणार होतो."

"माहीत आहे."

"तू समोर बसली होतीस. तू का नाही बोललीस?"

दोंगमेई बोलली म्हणून पोरगी दवाखान्यात पोचली. ती स्वतः उशाशी बसून नेणाऱ्यांची वाट बघत होती.

बाहेर धक्क्यावर फेरीबोटीचा भोंगा झाला. योंगआन उभा राहिला, मग परत वळला.

"कुठे पुरलंत तिला?"

"टेकडीवर."

"टेकडीवर कुठे? मला जायचंय."

मिएनने ओठ हलवले. टेकडीची ती बाजू तिला इथून, बसल्या जागेवरूनसुद्धा दिसत होती, नुसतं गवत आणि खडक. "आम्ही बोटीतून परत आलो तेव्हा सगळं उरकलं होतं. वल्हवणाऱ्याच्या भावाने टोपलीत घालून नेली. लहान पोरींना दगड लावत नसत. बायकांनी वर जायचं नसे." मग म्हणाली, "तो माणूस पुढे कितीतरी वर्षं जगला. ह्याच रस्त्याने जायचा रोज. मी त्याला कधी विचारलं नाही."

योंगआनने पिशवी खांद्याला लावली. उंबऱ्यापाशी तो क्षणभर थांबेल, असं तिला वाटलं. तो थांबला नाही.